लालीची जीन्स

सांगतो काय, काचीगुड्यात आमच्या कोंबडीने माझ्याआधी जीन्स घातली! केबल टीव्ही बघून मी हट्टाने जीन्स घेतली होती. तेवढ्यात कोंबड्याने नखांनी आमच्या लालीची पाठ सोलली. आईने हळद लावली, जखम सुकल्यावर उघड्या पाठीला पुन्हा नखं लागू नयेत म्हणून माझ्या कोऱ्या जीन्सचा पाय कापून तिच्या पाठीवर सैलशी झूल शिवली.

शेजारच्या खालाजान हसल्या, "मुर्गी कू कपडे कायकू? गर्मी में मर जाती!"

"पिसां आयी तो निकालतूं ना," आई म्हणाली. पंखाखाली काचतं का, ते ती रोज बघायची. पिसं भरली आणि तिने झूल खरंच उतरवली.

मग एक दिवस खालाजान स्वतःची कोंबडी काखेत घेऊन दारात उभ्या. "भाभी, इसका बी नाप लेव."

अख्ख्या काचीगुड्यात कोंबडीचं माप घेणारी एकच, माझी आई!