खारी माती आणि निळं फूल
शब्दांकन: समोरच्या दारातली शेजारीण

बस बाय, तितंच पायरीवर बस, आतमदी बोलवली असती पन जाळीच्या दाराला भायेरून कुलूप हाय आनि चावी सुनेच्या पर्समदी. लाकडी दार मी उघडं ठेवते, तेवडाच वारा येतो. तुला लिवायचं हाय तर लिव, पन म्हातारी भरमिष्ट झाली म्हनून कोंडली असं लिवू नको. माजं डोकं शाबूत हाय, हे आदी लिव.

माजा जलम उरणच्या बाजूला, खाडीकाठी. बा मिठागरावर राबायचा, आनि पावसात आमी खारजमिनीन भात लावायचो. बा काय करायचा, दोन-चार पाऊस पडले का शेतान जाऊन चिमूटभर माती जिभेला लावायचा, मना पन लावायला सांगायचा, बोलायचा सांग पोरी कशी लागते. खार धुवून गेला असंल तरच लावणी. लगीन होऊन पनवेलच्या बाजूला आले तरी तीच माती, तीच खाडी, आनि दरसाल समदा गाव मिळून बांध घालायचा. मंग सरकारनं जमीन घेतली, बदल्यात हितं करंजाड्यात प्लॉट भेटला, त्याच्यावर ही बिल्डिंग आनि आमाला सातवा माला. मालक चार वरसं झाली गेले. खाडीच्या अंगाला आमची एक पट्टी तेवडी राह्यली. हितं पाय खाली टेकवला का लादी, काय सांगू तुला, मातीवर पाय पडत नाय.

सून वाईट नाय, खोटं कशाला बोलू. घाटावरची हाय, लॅबमदी कामाला जाते. तिनं मोबाइलमदी ती निळी फुलं बगली, डेल्फिनियम, आनि बिया मागवल्या. फ्रीजमदी ठेवल्या कोथिंबिरीच्या बाजूला, आठ दिवस! मी हसले, बोलले अगो बियांना कसली थंडी देतेस? तर बोलते, आई, ही थंड मुलखातली, यांना फसवावं लागतं. दसरा झाला का पेरल्या, वरती पेपर झाकला, उजेड नको बोलते. मंग तिला येळ कुटला? गॅलरी माज्या गल्यात. पाच रोपं आली, नाजूक, चिरलेल्या पानाची. पानी बुंद्याला घालायचं, वरून नाय, मी कसं सांभाळलं ते मनाच ठावं.

आता मोठ्या कुंडीत लावायची तर सुनेनं पिशवीतली माती आनली. माती कसली, चाचा चोथा! हातात धरली तर वजनच नाय. मना राग आला. शेतकऱ्याच्या घरान माती इकत? मंग पोरगा-सून कामाला गेल्यावर मी रिकामी पिशवी घेतली, रिक्षा केली, आनि गेले आमच्या पट्टीवर. पत्रे लावलेत आता, फटीतून शिरले. माती भरली आनि बसले बांधावर, किती येळ बसले ठावं नाय. बरं वाटलं गो. येताना समद्या बिल्डिंगी सारख्या, रस्ते नवे, आपली कंची तेच कलंना. मोबाइल फ्रीजवर राह्यलेला. दिवे लागल्यावर एका वॉचमननं आनून सोडली. तवर पोरगा पोलिस चौकीत जाऊन आलेला, सून माज्या गल्यात पडून ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी हे कुलूप. पोरगा बोलला आई, फोन हातात ठेव, काय लागलं तर समोर हाक मार. मी शिव्या घातल्या त्याला, दोन दिवस जेवले नाय. काय फरक पडला?

आनि ती माती? चार कुंड्यांत ती घातली, पाचवीला पुरली नाय तर तिला चोथा. आठ दिवसांत चारी रोपांची पानं कडेनं जलाली. तवा मी माती जिभेला लावली. खारट! मिठागरवाल्याची लेक मी, चाखायचं इसरले. आपलीच माती, ती काय चाखायची, असं वाटलं. बांध कोनी घातला नसंल बाय, गावच राह्यला नाय तर घालनार कोन? खाडी आत शिरली. आता तितं भात पन येनार नाय. त्या दिवशी मी रडले, झाडासाठी नाय.

चोथ्यातलं एक वाचलं. झाडूची काठी लावून बांदलंय. काल फुललं, खालून वरपातुर निळं. सून आली, टाल्या वाजवल्या, फोटो काढले. मी बोलले आता मना चावी दे. तिनं पर्समदनं काडली पन गो, हातात धरली. मंग मूठ परत मिटली. बोलते, आई, त्या संध्याकाळी मला वाटलं तुम्ही खाडीत गेलात. मंग मीच बोलले, ठेव बाय, ठेव पर्समदी.

ऊन चढलं का हे झाड मरनार, सुनेनं सांगितलंय. म्हनून तुरा कापलाय तुज्यासाठी. थांब, सरळ धर, जाळीतून बरोबर जातो. हात धू हां, इषारी असतं. तुजी पोरंबालं सुखात राहोत. आनि जाताना कुलूप जरा ओढून बग, नीट लागलंय ना? ढिलं राह्यलं तर सून घाबरंल.