काढून टाकण्याची तालीम

अहो, माणसाला कामावरून हाकलायचं हेसुद्धा शाळेत शिकवतात का? तुम्हाला सांगतो, मिलवॉकीत बातमीदारी करण्यात माझे केस गेले, संप पाहिले, टाळेबंद्या पाहिल्या, पण हे...! आणि सगळं हसतमुखानं, बरं का!

कपडे धुण्याची यंत्रं बनवणारी ती बडी कंपनी. तिची स्वतःची शाळा आहे, कामगाराचा साहेब करणारी! मला बोलावलं, म्हणजे डोनट खा आणि गोड गोड लिहा. शेवटचा धडा, माणूस काढणे. आधी स्तुती, मग घाव, मग पुन्हा स्तुती, आणि मग टिश्यूचा डबा पुढे सरकवायचा. डबा आधी सरकवलात की गुण कापले! हसतमुखानं, बरं का!

आता सरावाला माणूस नको? खालून कारखान्यातला, पत्रा दाबायच्या प्रेसवरचा लेस्टर आणला. परीक्षार्थी ब्रेंट. त्याला प्रेस शिकवली कुणी? याच लेस्टरनं!

"अरे ब्रेंट, तोंड बघ तुझं! पोट साफ नाही का?" लेस्टर खदाखदा हसला.

कोरिनबाई, तिथल्या शिक्षिका, किनऱ्या आवाजात, "लेस्टर, प्लीज... मनापासून हं!"

मग ब्रेंट खाली बघत, "लेस्टर, तुझ्यासारखा कारागीर नाही. पण उद्यापासून तुझी जागा नाही. आणि तुझ्यासारखा कारागीर खरंच नाही." डबा सरकवला. लेस्टरनं असे डोळे पुसले म्हणता, टाळ्याच टाळ्या!

"सुंदर!" बाई म्हणाल्या. "आणि लेस्टर, हे खरं होतं."

लेस्टर काय करतो? टाळ्या वाजवतो! "वा बाई, हा तर कळस झाला!" दारात पहारेकरी त्याचा जेवणाचा डबा नि कोट घेऊन उभा दिसला, तेव्हा कुठे हात थांबले. ब्रेंटला सगळं ठाऊक होतं हो, त्याची परीक्षाच ती होती! मी ओरडत उठलो, तर बाई म्हणतात, "पत्रकारांचे प्रश्न शेवटी." हसतमुखानं, बरं का!

पुढे ऐका. लेस्टर रडला छान, म्हणून त्याला रोजंदारीवर पुन्हा बोलावलं. कशाला? पुन्हा पुन्हा काढून टाकायला! दर तुकडीसमोर बिचारा बसतो, हाकलला जातो, जेवतो, घरी जातो. घर चालायला हवं ना!

परवा भेटला. म्हणाला, तेही गेलं. बाई म्हणाल्या, आता तुझं रडणं खरं वाटत नाही.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? न रडता हात मिळवला आणि निघालो... त्याचेही बाईंनी मला दहापैकी चारच गुण दिले."