टोपाच्या बुडाला चिकटलेलं लोहचुंबक

नाही नाही, पर्समध्ये टाकू नका, लावा ना पुन्हा ते लोहचुंबक! माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर लावलंत — "शेवंतीबाई, लेकीच्या होणाऱ्या संसाराला हलकं स्टील पाठवलंत" म्हणालात — आता लाजता कशाला? लावा बुडाला. चिकटलं? चिकटणारच! इंडक्शनचा टोप आहे तो, विहीणबाई. बुडाला मुद्दाम चुंबक धरणारी चकती बसवतात, नाहीतर शेगडीवर तापणार कसा — तुमच्या तोंडाकडे बघून? आता पोटाला लावा. घसरलं ना? तीनशे चार नंबरचं, चांगल्यातलं स्टील म्हणतात ह्याला. काय? काठाला जरा धरतंय? धरणारच की! काठ वळवताना पत्रा दाबला जातो, तिथे थोडं धरतं, म्हणून माल खोटा होत नाही. माका स्टील शिकवतास? जोगेश्वरीत ह्याच गाळ्यात सासऱ्यांनी भांडी विकली, नवऱ्याने विकली, तो गेल्यावर मी विकतेय, आणि तुम्ही बोरिवलीहून रिक्षा करून मला शिकवायला आलात!

आणि चिकटलं नाही म्हणजे माल चांगला, हे कुणी सांगितलं — व्हॉट्सअ‍ॅपने? अहो, दोनशे दोन नंबरच्या हलक्या स्टीललाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. दिसायला तितकंच झकास, दुकानात चकाकतं, घरी नेऊन मीठ भरा, मग बघा कसे तपकिरी ठिपके उठतात ते. मी विकते की तेही! पण घेणाऱ्याला तोंडावर सांगून — बाई गं, हे दोनशे दोन, ह्यात डाळ ठेव, पीठ ठेव, मीठ-लोणचं ठेवू नकोस. कुणाला अंधारात ठेवून माल दिला नाही आजवर. विचारा बाजारात कुणालाही.

तुमच्या ओट्यावरचा मिठाचा डबा तसलाच आहे. हो, बघितलाय मी! तुमच्या सुशांतचं घर बघायला आलो होतो तेव्हा. तुम्ही चहा गाळत होतात, माझी मेली सवय — भांडं दिसलं की हात जातोच, उलटं करून बघितलं. ठिपकेच ठिपके. आणि काठाखाली — काय बघताय अशा? — काठाखाली नाव. 'चि. सुशांत व चि. सौ. कां. निधी यांस सप्रेम भेट.' घासलं होतंत, पॉलिश पेपरने चांगलं घासलं होतंत, पण नाव घालायचं मशीन खोल जातं हो. डबा तिरपा धरला की वाचता येतं सगळं.

आता माझ्या टोपाला नावं ठेवा ना! घटस्फोट झाला असेल — होतात, आमच्या चाळीतही झालेत, जग बुडालं नाही. पण सांगायचं ना! बायोडेटात 'प्रथम विवाह' लिहून वर मलाच खरं-खोटं विचारता? थोडी तरी लाज?

मी तेव्हाच का नाही बोलले? हेच म्हणताय ना? का बोलू? श्रुतिका पस्तिशीला आली माझी. बारसं असो, हळदीकुंकू असो, मेल्यांचा एकच प्रश्न — श्रुतीचं काय, श्रुतीचं काय! आणि सुशांतला भेटून आली त्या दिवशी पोरगी घरात गुणगुणत होती. बाप गेल्यापासून पहिल्यांदा! मी मोरीत तोंड धुवायला गेले आणि रडले. तुमच्या ओट्यापाशी तेच आठवलं, म्हटलं, मरू दे तो डबा. जाग्यावर ठेवला, तुमचा चहा प्यायले, 'पसंत आहे' म्हणून आले. आणि मग ह्या टोपावर माझ्याच हाताने तिचं नाव घातलं... परक्या बायकांना मी मिठाच्या डब्याचं सांगते हो, आणि पोटच्या पोरीला —

काय म्हणालात? पुन्हा बोला. 'टोपाचं मिटलं, डब्याचंही मिटवू, श्रुतीला कशाला कळायला हवं'? व्वा! म्हणजे आता आपण दोघी एक? माझ्या हातावर हात ठेवू नका. काढा तो हात!

नाही मिटवायचं. बँक सुटली की श्रुती इथेच येते, येईलच आता. सांगणार मी तिला. निधीचं सांगणार, आणि आईला माहीत होतं हेही सांगणार. मग ती तुमच्या सुशांतला हो म्हणू दे, नाही म्हणू दे, माझ्याशी बोलणं टाकू दे — तिचं ती ठरवेल. तुम्ही उठा. पाणी नाही, चहा नाही, उठा. मलाच तिला तोंड कसं दाखवायचं ते सुचत नाहीये, त्यात तुम्ही समोर नकोत. ती बघा, पलीकडे रिक्षातून उतरली. निघा म्हटलं ना!