नवव्या पडद्यावरची पायरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या तंत्रनिकेतनाचे प्राचार्य डॉ. बळीराम ठवकर, व्यासपीठावर विराजमान विभागप्रमुख प्रा. वैभवी गजभिये, लेखा विभागाचे श्री. पियुष चिमूरकर, आजपासून सकाळी लवकर उठण्याच्या सक्तीतून मुक्त झालेले सत्कारमूर्ती श्री. मधुसूदन भोयर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सुविद्य पत्नी कामिनीताई, आणि जेवणाच्या वासाकडे नाक व माझ्याकडे कान ठेवून बसलेले सर्व सज्जनहो,

मी या संस्थेचा कोणी नाही. मी मधुभाऊंचा शेजारी. संस्कृत घेऊन एम. ए. झालो आणि वर्तमानपत्रात वार्ताहर म्हणून लागलो. त्यामुळे शुद्धलेखन आणि अपघात या दोन विषयांत माझी थोडी गती आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही. तरीही मला इथे उभं केलं, यात संयोजकांचं धाडस दिसतं.

मधुभाऊंच्या सेवेबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या खेळाबद्दल सांगणार आहे. त्यांनी ‘सांगू नको’ म्हटलं होतं. कामिनीताईंनी ‘सांगा’ म्हटलं. आता अशा वेळी माणसाने कोणाचं ऐकावं?

आपल्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे झाले आहेत, त्यांना तो जुना घरगुती संगणक आठवत असेल. कीबोर्ड हाच संगणक. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची आणि मांजरीचं शेपूट दारात सापडल्यासारखा आवाज पाच मिनिटं ऐकायचा. मग खेळ सुरू. त्याची स्मृती इतकी तोकडी की आज सकाळी आपण गटावर पाठवलेला ‘सुप्रभात’चा एक गुलाब त्यात मावणार नाही. या यंत्राचे भक्त अजून जगभर आहेत. ते त्याच्यासाठी हौसेने नवे खेळ रचतात, फुकट वाटतात आणि दरवर्षी आपसांत स्पर्धाही घेतात. आपले मधुभाऊ त्या संप्रदायातले.

निवृत्तीच्या आधी आपला एक खेळ त्या स्पर्धेत जावा, एवढी एकच त्यांची इच्छा होती. खेळाचा नायक धोंडबा. डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन काटोलच्या बागेतून निघायचं, फांद्या, बसचा टप, उड्डाणपुलाचे खांब असं उड्या मारत, माकडं चुकवत नागपूरच्या बाजारात पोचायचं. नऊ पडदे. एक पार केला की दुसरा.

आजच्या लॅपटॉपवर त्या यंत्राची नक्कल चालते म्हणे. मधुभाऊंनी ती नक्कल आणि खेळ पेनड्राइव्हवर घालून सहकाऱ्यांना दिला. म्हणाले, “शेवटपर्यंत खेळून पाहा आणि कुठे अडलं तर सांगा.” आठवड्यात सगळे पेनड्राइव्ह परत आले. कोणीही अडलं नव्हतं. “अप्रतिम!” “शेवट तर लाजवाब!” ज्येष्ठ सहकाऱ्याला ‘तुमचं काम पुरतं पाहिलं नाही’ असं सांगण्याची पद्धत आपल्या संस्थांत नाही, आणि ही पद्धत फार जुनी आहे.

घरी मात्र कामिनीताई खऱ्या यंत्रावर खेळत होत्या. त्या नागपुरातच जरीपटका भागातल्या शाळेत गणित शिकवतात. उत्तर आल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. आठ पडदे त्यांनी लीलया पार केले. नवव्यावर अडल्या. समोर एक भिंत. उडी मारली की धोंडबा खाली. महिनाभर त्या रोज अडल्या. शेवटी मधुभाऊ म्हणून गेले, “सारं कॉलेज पोचलं, तुलेच काहून जमत नाही वं?”

त्या दिवसापासून ताईंनी यंत्राला हात लावला नाही. टीव्ही पुसतानासुद्धा त्याला वळसा घालू लागल्या.

अशा वेळी मी या खेळाची बातमी करायला निघालो. या संस्थेत आलो, खेळाचा शेवट कसा आहे ते विचारलं. आदरणीय प्राचार्य म्हणाले, “शेवटी ध्वज फडकतो. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.” वैभवी मॅडम म्हणाल्या, “आतषबाजी! काय रंग आहेत!” पियुषरावांनी सांगितलं, “शेवटी राक्षस येते ना सर. त्याले हाणलं मी.”

तीन साक्षीदार, तीन शेवट. वार्ताहराला याची सवय असते. मी संध्याकाळी मधुभाऊंकडे गेलो.

“मधुभाऊ, काय छापू? झेंडा, फटाके का राक्षस?”

“कोणता राक्षस?”

“पियुषने हाणला तो.”

“अरे, खेळात हाणायची कळच नाही दिली गा मी.”

“मग शेवटी होतं काय?”

“धोंडबा टोपली खाली ठेवते आन बसते.”

कामिनीताई उत्तरपत्रिका तपासत होत्या. लाल पेन थांबलं.

“म्हणजे कोणीच नाही पोचलं?”

“तसंच दिसून राहिलं,” मधुभाऊ म्हणाले.

“बसा. खेळा आता.”

“नववा पडदा मी कितीदा खेळलो वं—”

“नववा नाही. पहिल्यापासून.”

इथे मला एक गोष्ट कळली, ती सांगतो. खेळ रचणारा माणूस ज्या पडद्याचं काम चालू असेल, तिथेच नायकाला उभं करून तपासतो. दर वेळी काटोलपासून कोण येणार? मधुभाऊ नवव्या पडद्यावर धोंडबाला वरच्या कठड्यावर उभं करत आणि पुढे खेळत. पण आठव्यातून रीतसर येणारा धोंडबा खालच्या दारातून येतो. तिथून ती भिंत त्याच्या उडीपेक्षा उंच होती. आपल्याच खेळात रचनाकार कधी पायी आला नव्हता!

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आले. भिंतीपाशी थांबले. उडी मारली, पडले. पुन्हा मारली.

“मारा ना उडी,” ताई म्हणाल्या.

“मारूनच राहिलो.”

“सारं कॉलेज पोचलं म्हणते.”

उपाय सोपा होता: एक पायरी. पण स्मृती काठोकाठ भरलेली. संस्कृतातले जुने सूत्रकार अर्धं अक्षर वाचलं तरी आनंदायचे, पण ते हौसेने. इथे गरज होती. काढायचं काय? धोंडबा काढता येत नाही, संत्री काढता येत नाहीत. उरला खेळाच्या सुरुवातीचा ऋणनिर्देश, ‘खेळ पारखून देणारे’ म्हणून मान्यवरांची नावं. प्राचार्यांच्या पदव्या काढल्या आणि पायरी बसली. बाकीची नावंही मधुभाऊंनी काढली. त्याची गरज नव्हती, पण खोडायला लागलेला हात थांबेना.

स्पर्धेची मुदत रविवारी संपत होती. त्या दुपारी मधुभाऊ म्हणाले, “तू पार केला तरच पाठवतो.”

“माझ्याच्यानं होत नाही ना? तुम्हीच म्हटलं.”

मधुभाऊंनी टेपरेकॉर्डरची वायर काढून पुन्हा लावली. मग म्हणाले, “भिंतच चुकली होती वं. माझी भिंत.”

ताई बसल्या. मी समोरच होतो, म्हणून साक्ष देतो. आठ पडदे झाले. नववा आला. पायरीवर उडी, भिंतीवर उडी, बाजार. धोंडबाने टोपली ठेवली आणि बसला.

“बसला?”

“हो.”

“काही बोलत नाही?”

“जागा संपली.”

ताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “दमला असन. बसू द्या त्याले.”

खेळ पाठवण्याची कळ ताईंनी दाबली. त्याआधी पारखणाऱ्याच्या जागी मधुभाऊंनी एकच नाव घातलं होतं. ते आपलंच आहे हे ताईंना कळलं तेव्हा खेळ निघून गेला होता, त्यामुळे तक्रारीला वाव राहिला नाही. निकाल यायचा आहे.

मधुभाऊंना आणि ताईंना उदंड आयुष्य लाभो. संयोजकांनी बोलावलं, आपण ऐकून घेतलं, याबद्दल कृतज्ञ आहे. बोलण्याच्या ओघात उणंअधिक झालं असेल ते मोठ्या मनाने पोटात घालावं. जाता जाता एक सूचना: चहाच्या टेबलाजवळ ते यंत्र मांडून ठेवलं आहे. अध्यक्ष महोदयांनी खेळाचा शेवट ‘पुन्हा एकदा’ पाहण्याची इच्छा मघाशी माझ्याकडे व्यक्त केली. ‘पुन्हा’ हा शब्द त्यांचा. शेजारच्या खुर्चीवर कामिनीताई बसतील. त्या काही सांगणार नाहीत.