टेपपुढचा पेला

जव्हारहून वांगणीकडे निघालेल्या एसटीत उज्ज्वलाबाई वह्या तपासायला बसल्या खऱ्या, पण पुढच्या बाकावरच्या दोघांनी त्यांना एक ओळ वाचू दिली नाही.

"पंढरी, तू दिलेली कॅसेट लग्नात लावली ना, अख्खा पाडा नाचला!"

"नाचणारच! जिवाकाकानं फुंकलेला तारपा हाय तो. एक विकत घेतली, तिच्यावरून वीस भरल्या. सगळ्या खपल्या!"

"टेप मधी ठेवला न् भोवती फेर धरला."

"भारी रं, सुकऱ्या!"

"पण दारूचा पहिला पेला तारपावाल्याचा ना? आयशीनं टेपपुढं ठेवला."

"टेपपुढं? मग पिला कोण?"

"कोणीच नाय! त्याच्या आधी कोण तोंड लावंल? म्हातारे तसेच सुके बसले! शेवटी आयस बोलली, ज्याचा हाय त्याला नेऊन दे."

"मग?"

"मग ही बाटली. जिवाकाकाकडंच चाललोय."

"अरे, तू तर सासुरवाडीला चल बोललास! काका विचारंल ना, कॅसेट कोणी भरली?"

"विचारंलच. म्हणून तर तुला खिडकीकडं बसवलंय."