ताजा बर्फ आणि गेर्लिंडे

बुधवारी सकाळी नॉटबुर्गाबाई नेमाप्रमाणे डोंगरावरच्या चॅपेलकडे प्रार्थनेला निघाल्या. केबलकारमध्ये समोर स्की घेतलेले दोन मित्र होते. बाईंचे ओठ जप करत होते, कान मात्र मोकळे होते.

"बघ झेवेरिन, रात्रभर बर्फ पडलाय! स्कीची एक रेघ नाही उमटलेली. आज मागच्याच उतारावरून जायचं."

"तिथं हिमकडा कोसळेल म्हणून बजावलंय, लोरेन्झ."

"ते रोजच बजावतात. बीपर आणलायस ना? गाडला गेलास तर शोधायला बरं."

"आणलाय. पण त्यातले सेल पोराच्या आगगाडीत आहेत."

बाईंचा जप थांबला.

"धन्य आहेस! मग तुझ्या बायकोला, गेर्लिंडेला फोन करून सांग, आपण कुठून उतरतोय ते."

"वेडा की काय? तिच्या लेखी मी ऑफिसच्या बैठकीत आहे."

"मग?"

"आखलेल्या वाटेनं जाऊ."

"तिथून पोरंसोरं जातात! मरणाला इतका भितोस?"

"मरणाचं काय रे, मेलो तर सुटलो. पण जिवंत बाहेर काढलं तर? पहिला फोन गेर्लिंडेलाच जाणार."

लोरेन्झनं स्कीचे पट्टे आवळले.

"चल, आखलेल्या वाटेनंच जाऊ. माझ्या आईला वाटतंय, मी दाताच्या डॉक्टरकडे बसलोय."