नुसती वाफ

तालीन: बाबा, तुमच्या त्या व्हेपचा एक झुरका मी मारू?

बाबा: काय म्हणालीस?

तालीन: वर्गातल्या मुलींनी पैज लावलीय. हे घरी विचारायची माझ्यात हिंमत नाही म्हणे! विचारलं की नाही?

बाबा: थोबाडीत खाशील.

तालीन: का पण? नुसती वाफ आहे, असं तुम्हीच सांगत फिरता!

बाबा: माझं वेगळं. तीस वर्षांची सिगारेट सुटत नव्हती, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी हे घ्यायला सांगितलं. सुटली की नाही?

आई: आणि टीव्हीवरच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हे सिगारेटहून वाईट.

बाबा: हे कोण सांगतंय बघा! हातात हुक्क्याची नळी धरून!

आई: माझा धूर पाण्यातून येतो. धुऊन.

तालीन: धुऊन? मग इस्त्रीपण करून घे ना, आई!

आई: फार बोलायला लागलीस हल्ली.

तालीन: अजून बोलायचंय. आज शाळेच्या नर्सबाईंनी आमच्या अख्ख्या फुटबॉल टीमच्या श्वासातला धूर मोजला. नळीत फुंकायचं. मी जीव खाऊन फुंकलं. तर मला बाजूला घेऊन विचारतात, "दिवसाला किती ओढतेस?"

आई: अगं बाई! कुणी ऐकलं तर नाही ना?

तालीन: एकही नाही म्हटलं, तर हसल्या. सगळ्या असंच सांगतात म्हणे. अकाबा शहरातल्या सामन्याला आता माझ्या जागी टीममधली सुलाफ जाणार.

बाबा: बघितलंस, इनास? हे तुझे निखारे.

आई: माझे? मी संध्याकाळी एकदाच लावते! तुमचं दिवसभर फुसफुस. पडद्यांनासुद्धा आंब्याचा वास!

बाबा: उद्याच हिला माझ्या डॉक्टरांकडे नेतो. वाफेनं काही होत नाही, असं लिहून देतील ते.

आई: मग मीपण दुसऱ्यांकडून लिहून आणते!

तालीन: आणा, दोन्ही चिठ्ठ्या आणा. माझी छाती कुणी तपासणार आहे का?

(हुक्क्यातलं पाणी गुडगुडतं.)

तालीन: बरं. मी गच्चीवर राहायला चाललेय. टाक्यांशेजारची खोली झाडली, गादीपण नेली.

आई: वेडी आहेस का? जानेवारीत? गारठशील!

तालीन: दोन स्वेटर घालीन.

बाबा: किती दिवस हे नाटक?

तालीन: नर्सबाई महिन्यानं पुन्हा मोजणार आहेत. तोवर तरी. जेवायला खालून हाक मारा. आणि वर यायचं असेल, तर दोघंही रिकाम्या हातांनी या.